बंदराचं शहर आधी डेकवरून पाहा

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकचं एक जोडपं पुढच्या मे महिन्यात सात रात्रींच्या क्रूझवर निघालंय, सोबत बहात्तर वर्षांच्या सासूबाई आहेत. बार्सिलोनाहून सुटायचं, मार्सेलिस, जिनोआ, नेपल्स, मेसिना, वॅलेटा करायचं आणि एक दिवस समुद्रावर काढून परत बार्सिलोनाला यायचं. त्यांनी विचारलंय: "जुनी चर्च, किल्ले, वाडे बघायची आम्हाला फार आवड, पण त्यातलं शिक्षण नाही. प्रत्येक शहरात जेमतेम आठ-नऊ तास मिळतात. एवढ्यात काही पदरात पडेल का? जहाजाच्या सहली घ्याव्यात की आपलं आपण फिरावं? आणि आईंच्या गुडघ्यांचं काय?"

मी आर्किटेक्ट आहे. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम पुण्यात अठ्ठावीस वर्षं करतेय. कोविडची दोन वर्षं सोडली तर गेली बारा वर्षं दर उन्हाळ्यात एक छोटा मराठी गट घेऊन याच समुद्रात फिरते. म्हणून तुमचा मार्ग वाचल्यावर आधी आनंद झाला. ही सहाही बंदरं वास्तूंच्या दृष्टीने श्रीमंत आहेत, आणि त्यातली चार अशी की जहाजातून उतरून पायी पाहता येतात.

पदरात नक्की पडेल. पण त्यासाठी एक गोष्ट ध्यानात घ्या. बंदराचं शहर समुद्राकडे तोंड करून उभं असतं. विमानाने गेलं की आपण त्याच्या मागल्या दाराने शिरतो: विमानतळ, गोदामं, उड्डाणपूल, मग हॉटेल. ही शहरं ज्यांनी उभारली त्यांचा व्यापारी, त्यांचा पाहुणा आणि त्यांचा शत्रू, तिघंही पाण्यावरून येत. तट कुठे उंच घ्यायचा, दीपस्तंभ कुठे, कुठल्या टेकडीवर देवीची मूर्ती, हे सगळं जहाजावर उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेचा विचार करून ठरलेलं आहे. गेटवे ऑफ इंडिया आठवा. १९२४ साली पुरा झालेला तो दरवाजा आपण कायम रस्त्याकडून, म्हणजे आतल्या बाजूने पाहतो. एलिफंटाची लाँच सुटून थोडी पुढे गेली की मागे वळून पाहा, तेव्हा जॉर्ज विटेटने तो कोणासाठी काढला होता ते कळतं. क्रूझवर तुम्हाला ही जागा रोज सकाळी आयती मिळते, आणि बहुतेक प्रवासी त्या वेळी नाश्त्याच्या रांगेत असतात.

तेव्हा पहिलं काम हे: जहाजाच्या रोजच्या पत्रकात पोहोचायची जी वेळ छापलेली असते ती धक्क्याला लागायची असते. त्याच्या तासभर आधी डेकवर या. चहा हातात घेऊन या, पण या. एक हलकी दुर्बीण सोबत असू द्या. कळसावरची मूर्ती, वरच्या मजल्यावरचं कोरीव काम मोबाइलच्या कॅमेऱ्यात नीट दिसत नाही.

दुसरं काम जरा जड जाईल. एका शहरात एकच वास्तू नीट पाहायची, बाकीच्या जाता-येता. यादीतल्या सात ठिकाणी धावलात तर रात्री जेवताना कुठलं चर्च कुठल्या गावाचं हे आठवणार नाही. एका ठिकाणी तासभर बसा. हा दगड कुठला? पैसे कोणी घातले? ऊन-पाऊस कसा थोपवलाय? एवढेच प्रश्न विचारत बसा. शिक्षण लागतं ते पुढच्या गोष्टींना, याला नाही.

जहाजाच्या सहलींबद्दल माझं मत ठाम आहे. बंदरापासून तास-दीड तास आत जायचं असेल, तर जहाजाची सहल घ्या, कारण ती बस उशिरा आली तरी जहाज तिच्यासाठी थांबतं. शहर धक्क्याला लागून असेल तर पैसे घालवू नका. सुरुवातीच्या एका वर्षी मी स्वस्त पडते म्हणून खासगी बस ठरवून गटाला बरंच आत नेलं होतं. परतताना रस्त्यावर अपघात झाला, वाहतूक तुंबली, आणि आम्ही शिडी उचलायच्या बारा मिनिटं आधी पोहोचलो. त्या दिवशी पाहिलेलं एकही शिल्प मला आज आठवत नाही, बसमधल्या वयस्कर लोकांचे चेहरे आठवतात. तेव्हापासून नियम केला: आपलं आपण फिरताना जहाजावर परतायच्या वेळेआधी दीड तास धक्क्याच्या आसपास असायचं. आणि घड्याळ जहाजाचं पाळायचं.

आता एकेक शहर.

बार्सिलोनाला निदान दोन रात्री आधी पोहोचा, जहाज सुटायच्या दिवशी नको. साग्रादा फामिलिया या प्रचंड चर्चची तिकिटं वेळेनुसार मिळतात आणि लवकर संपतात, ती घरूनच काढा. १८८२ साली सुरू झालेलं हे काम पुढच्याच वर्षी आंतोनी गाउदी या आर्किटेक्टकडे आलं, आणि १९२६ साली ट्रामखाली सापडून तो गेला तोवर त्याचं आयुष्य त्यातच गेलं. आत शिरल्यावर आधी खांब पाहा. ते वर जाऊन झाडासारखे फांद्यांत फुटतात. ही नुसती सजावट नाही. छताचा भार ज्या दिशेने खाली उतरतो त्याच दिशेला फांदी कललेली आहे, म्हणून बाहेरून भिंतींना टेकू द्यावे लागले नाहीत. असा आकार शोधायला गाउदी दोऱ्या उलट्या टांगून त्यांना छोट्या पिशव्यांची वजनं बांधायचा. लोंबत्या दोरीला जो बाक येतो तो उलटा केला की दगडी कमान मिळते. पूर्वेकडच्या काचा निळ्या-हिरव्या आहेत, पश्चिमेकडच्या लाल-केशरी. सकाळी नऊची किंवा दुपारी चारनंतरची वेळ घ्या, भर दुपारी दोन्हीकडचा रंग फिका पडतो.

पण बार्सिलोनात मला एकच वास्तू निवडा म्हटलं, तर मी गाउदीची निवडणार नाही. जुन्या बंदरापासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर सांता मारिया देल मार आहे, म्हणजे समुद्राची सांता मारिया. १३२९ साली पाया घातला आणि १३८३ साली काम संपलं. चौदाव्या शतकातलं एवढं मोठं चर्च चोपन्न वर्षांत, एकाच शैलीत पुरं होणं फार दुर्मीळ. एरवी अशी कामं दोन-तीनशे वर्षं रेंगाळत. कारण इथे पैसे राजाचे नव्हते. रिबेरा या बंदराच्या वस्तीतले खलाशी, व्यापारी आणि हमाल यांनी ते बांधलं. मोंजुइक टेकडीच्या खाणीतला दगड बंदराच्या हमालांनी पाठीवरून वाहून आणला. मुख्य दरवाजाजवळ जा आणि लाकडावर ठोकलेल्या ब्राँझच्या मूर्ती शोधा: ओझ्याखाली वाकलेले दोन छोटे हमाल. राजाच्या नावाने मिरवणारे दरवाजे युरोपभर आहेत. दारावर हमाल कोरलेलं चर्च मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. आत गेल्यावर खांब इतके सडपातळ आणि इतके दूर-दूर आहेत की एका टोकाला बसलं तरी सगळी जागा एका नजरेत मावते. १९३६ च्या आगीत आतलं जुनं सामान जळून गेलं, म्हणून भिंती आज उघड्या आहेत. मला तर वाटतं त्यामुळेच दगड बोलतो. सासूबाईंना इथे बाकावर बसवा आणि तुम्ही फिरा. उठायला त्याच नको म्हणतील.

मार्सेलिसला धक्का शहरापासून बराच लांब आहे, त्यामुळे शटल बस घ्यावी लागते. डेकवरून मात्र सुरुवात छान होते. टेकडीवर नोत्रदाम द ला गार्द दिसतं, शिखरावर सोनेरी मुलामा दिलेली आई आणि बाळ. १८६४ साली उभं राहिलेलं हे चर्च खलाश्यांचं दैवत आहे. आत छताला जहाजांच्या छोट्या प्रतिकृती टांगलेल्या आहेत आणि भिंतीवर संगमरवरी पाट्या: वादळातून वाचलो म्हणून, आजारातून उठलो म्हणून. आपल्या भाषेत सांगायचं तर फेडलेले नवस. कोळीवाड्यातल्या माणसाला इथे काही समजावून सांगावं लागणार नाही. जुन्या बंदरावरून साठ नंबरची बस थेट वर जाते, पण बस थांबते तिथून पुढेही पायऱ्या आहेत. सासूबाईंनी वर चढायचा हट्ट धरला तर सावकाश, नाहीतर खालच्या कठड्यावरून सगळं शहर आणि बेटं दिसतात.

या शहरात मराठी माणूस सावरकरांच्या आठवणीशिवाय फिरत नाही. ८ जुलै १९१० रोजी मोरिया बोटीतून त्यांनी याच बंदरात उडी घेतली, आणि ते प्रकरण हेगच्या लवादापर्यंत गेलं. माझ्या गटात दरवेळी कोणीतरी विचारतंच. मी त्यांना ला जोलिएतच्या जुन्या गोदी-गोदामांकडे नेते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात आगबोटींसाठी बांधलेली ही इमारत ३६५ मीटर लांब आहे, आणि तिच्यात चार चौक, बावन्न दारं, सात मजले अशी वर्षाच्या हिशोबाची रचना असल्याचं सांगतात. आता तिथे दुकानं आणि कचेऱ्या आहेत. सुएझ कालवा झाल्यावर मुंबईला येणाऱ्या-जाणाऱ्या बोटींचं जग कसं होतं, हे या लांबच लांब विटांच्या आणि दगडाच्या भिंतीपाशी उभं राहिल्यावर अंगावर येतं.

आधुनिक वास्तूंची आवड असेल तर दोन गोष्टी. जुन्या बंदराच्या तोंडाशी म्यूसेम हे २०१३ चं संग्रहालय आहे, रुदी रिचोत्तीचं. काँक्रीटची जाळी विणल्यासारखी दिसते, आणि ११५ मीटर लांबीचा एक नाजूक पूल तिथून सेंट जाँ किल्ल्यावर जातो. मंगळवारी ते बंद असतं. दुसरी, शहराच्या दक्षिणेला ल कॉर्बुझिएची १९५२ साली पुरी झालेली राहती इमारत. ३३७ घरं, मधल्या मजल्यावर दुकानांची गल्ली, गच्चीवर मुलांसाठी खेळायची जागा. २०१६ साली ती जागतिक वारशात गेली, आणि त्याच नोंदीत चंडीगडचं कॅपिटॉल संकुलही आहे. टेकडी आणि ही इमारत एका दिवसात दोन्ही करू नका.

जिनोआबद्दल मला जास्त लिहायचंय, कारण लोक याला नुसतं 'जहाज थांबतं ते गाव' समजतात आणि उतरून थेट पोर्तोफिनो या किनाऱ्यावरच्या पर्यटनाच्या गावाला पळतात. तसं करू नका. शिरताना लांतेर्ना हा दीपस्तंभ दिसेल, ७७ मीटर उंच, आजचा मनोरा १५४३ सालचा. मग शहर टेकडीवर रचलेल्या पायऱ्यांसारखं वर चढत जातं. जहाज लागतं ते जुन्या बंदराच्या कुशीतच.

सोळाव्या शतकात हे युरोपातल्या बड्या सावकारांचं शहर होतं. स्पेनच्या राजालाही इथले पेढीवाले कर्ज देत. पण शहर होतं प्रजासत्ताक, राजवाडाच नव्हता. मग परदेशचे राजे, राजदूत, कार्डिनल आले की उतरवायचे कुठे? १५७६ साली त्यांनी एक व्यवस्था ठरवली. शहरातल्या उत्तम घरांची दर्जानुसार यादी करायची, आणि पाहुणा आला की त्याच्या मानाच्या वर्गातल्या घरांमधून चिठ्ठी टाकून यजमान ठरवायचा. या याद्यांना रोल्ली म्हणत. आपलं नाव वरच्या यादीत असावं म्हणून घराण्यांनी एकमेकांवर ताण करत घरं बांधली. आज त्यातली ४२ घरं जागतिक वारसा आहेत.

व्हिया गारिबाल्दी ही त्यांची मुख्य गल्ली, जेमतेम अडीचशे मीटर लांब आणि साडेसात मीटरच्या आसपास रुंद. इथे समोर उभं राहून अख्खा दर्शनी भाग पाहताच येत नाही, मान मोडते. माझ्या गटातले लोक पाच मिनिटांत गल्ली संपवतात आणि विचारतात, झालं? मी त्यांना परत पहिल्या दाराशी आणते. दारातून आत पाहा. अंधारी देवडी, तिच्यापुढे उजेडाचा चौक, चौकातून वर चढत जाणारा जिना, त्याच्याही मागे टेकडीच्या उतारावर चढवलेली बाग. ज्यांनी पुण्यातले किंवा नाशिकचे वाडे पाहिलेत त्यांना दिंडी दरवाजातून एकामागून एक चौक दिसत जाण्याची गंमत माहीत आहे. फरक असा की आपले चौक सपाटीवर मागे-मागे जातात आणि जिनोआत ते वर-वर चढतात, कारण सपाट जमीन नव्हतीच. डोंगराची अडचण होती, तिचीच त्यांनी शोभा केली. रुबेन्स हा चित्रकार या घरांनी इतका भारावला की १६२२ साली त्याने त्यांचे नकाशे आणि छेद पुस्तकरूपाने छापले, आपल्या अँटवर्पच्या लोकांनीही अशी घरं बांधावीत म्हणून. पालाझ्झो रोस्सो, बियांको आणि तुर्सी ही तीन घरं आता एकत्रित संग्रहालय आहेत. तुर्सीत महापालिकेचं मुख्यालयही आहे, आणि तिथेच पागानिनीचं व्हायोलिन ठेवलेलं आहे.

गल्लीत हिंडताना भिंतींवरच्या खिडक्या नीट मोजा. काही रंगवलेल्या आहेत. दगडी कोरीवकाम परवडलं नाही किंवा खिडकी जिथे हवी तिथे काढता आली नाही, तर चित्रकाराने ती भिंतीवर काढली, सावलीसकट. मुलं सोबत असतील तर त्यांना खरी-खोटी खिडकी ओळखायला लावा, तास कसा जातो कळत नाही.

सासूबाईंसाठी जिनोआ हे सर्वांत सोपं शहर. पोर्तेल्लो चौकातून कास्तेल्लेत्तो टेकडीवर शहराची सार्वजनिक लिफ्ट जाते, १९०९ सालापासूनची. वर पोहोचलं की पाटीच्या दगडाची राखाडी छपरं, मनोरे आणि बंदरात उभं असलेलं तुमचं जहाज, सगळं पायाखाली. परतताना सान लोरेंझो कॅथेड्रल पाहा, काळ्या-पांढऱ्या दगडांच्या पट्ट्यांचं. उजव्या बाजूला एक तोफगोळा ठेवलाय. ९ फेब्रुवारी १९४१ रोजी ब्रिटिश आरमाराने शहरावर मारा केला तेव्हा तो छत फोडून आत आला आणि फुटलाच नाही. पाहुणा येतो त्याच दारातून शत्रूही येतो, हे या शहरांच्या अंगावर जागोजाग लिहिलेलं आहे.

नेपल्सला पाँपेईचा मोह होईल. जावंसं वाटलं तर जा, इसवी सन ७९ मध्ये गाडलं गेलेलं शहर पाहणं हा आयुष्यभराचा अनुभव आहे. पण मग तो दिवस पुरा पाँपेईचा, जहाजाच्या सहलीने, आणि सासूबाईंना सोबत नेऊ नका. तिथले दगडी रस्ते भल्याभल्यांचे घोटे मोडतात.

राहिलात शहरात, तर जहाजासमोरच कास्तेल नुओव्हो आहे, १२७९ साली सुरू केलेला किल्ला. समुद्राकडून पाहिलं तर नुसता बुरूज आणि भिंत. आता किल्ल्याला वळसा घालून शहराच्या बाजूला या. दोन काळपट बुरुजांच्या फटीत पांढऱ्याशुभ्र संगमरवराची उंच कमान उभी आहे. आरागॉनच्या आल्फोन्सोने नेपल्स जिंकलं आणि १४४३ साली तो मिरवणुकीने शहरात शिरला, त्याचं हे स्मारक. समुद्राकडे चिलखत आणि प्रजेकडे संगमरवर. जिंकून आलेल्या राजाला शत्रूपेक्षा शहराचं मन वळवायची काळजी जास्त होती, असं मला ती कमान पाहताना दरवेळी वाटतं.

तिथून दहा मिनिटांवर गालेरिया उंबेर्तो, १८९० सालची, लोखंड आणि काचेचा ५६ मीटर उंचीचा घुमट असलेली बाजारपेठ. सासूबाईंना कॉफी घेऊन बसायला उत्तम. समोर १७३७ सालचं सान कार्लो नाट्यगृह. आणि पाय धड असतील त्यांनी स्पाकानापोलीत शिरावं. हा सरळसोट अरुंद रस्ता ग्रीकांनी आखलेल्या नगररचनेवर अजून चालतो. नेपल्सच्या इमारतींचा पिवळसर तूफ दगड शहराच्या पोटातूनच काढलेला आहे. वर घर बांधायचं, खाली खाण पडायची, आणि त्या पोकळीत पाणी साठवायचं. दुसऱ्या महायुद्धात त्याच पोकळ्यांत लोकांनी बाँबहल्ल्यांपासून आसरा घेतला. खाली उतरून पाहायची सोय आहे, जागा काही ठिकाणी इतकी अरुंद की आडवं होऊन सरकावं लागतं.

दुपारी इटलीतली बरीच चर्च बंद असतात, साधारण साडेबारा ते चार. चर्च सकाळी उरका, जेवण दुपारी. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत.

मेसिनात थोडं पाहायचं आहे, पण वेळेवर पाहायचं आहे. बंदराची जमीन विळ्यासारखी वळलेली आहे, इथल्या सर्वांत जुन्या वस्तीचं नावही विळ्यावरूनच पडलं होतं. विळ्याच्या टोकावर सोनेरी मादोना, म्हणजे मेरीमाता, आणि खाली किल्ल्याच्या भिंतीवर जहाजातून वाचता येतील एवढ्या अक्षरांत लॅटिन आशीर्वाद: तुम्हाला आणि तुमच्या शहराला. उतरून दहा-पंधरा मिनिटांत कॅथेड्रलच्या चौकात जा आणि बाराला पाच मिनिटं कमी असताना तिथे असा. मनोऱ्यावर स्ट्रासबुर्गच्या कारागिरांनी १९३३ साली बसवलेलं यांत्रिक घड्याळ आहे. बारा वाजले की सिंह डरकाळी फोडतो, कोंबडा आरवतो, मूर्ती एकामागून एक सरकतात.

शहर मात्र तुम्हाला बसकं आणि नवं वाटेल. २८ डिसेंबर १९०८ च्या पहाटे भूकंपाने ते जवळजवळ पुरं झोपवलं. मग इमारतींच्या उंचीवर बंधनं आली, रस्ते रुंद झाले. १९९३ साली कॉलेजात असताना किल्लारीच्या भूकंपानंतर आम्हाला गावांच्या पाहणीला नेलं होतं. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती माणसांवर कशा कोसळल्या ते तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. म्हणून मेसिनाचे ते साधे, बुटके रस्ते मला कुरूप वाटत नाहीत. परत असं होऊ नये म्हणून आखलेलं शहर आहे ते.

वॅलेटा शेवटी येतं हे तुमचं भाग्य. तोवर नजर तयार झालेली असेल. ग्रँड हार्बरमध्ये शिरतानाचा अर्धा तास हा माझ्या मते या सबंध सहलीतला सर्वांत मोठा ठेवा आहे. आत येताना जहाजाच्या उजव्या कठड्याला उभे राहा. वॅलेटाची बाजू आग्नेयेला तोंड करून आहे, सकाळचं ऊन थेट तिच्यावर पडतं, आणि मधाच्या रंगाचे तट पाण्यातून उगवल्यासारखे दिसतात. डाव्या बाजूला सेंट अँजेलो किल्ला.

१५६५ साली तुर्की आरमाराने माल्टाला वेढा घातला. बेटावर तेव्हा सत्ता असलेल्या सेंट जॉन या ख्रिस्ती लढवय्या पंथाच्या सरदारांनी तो परतवला आणि पुढच्याच वर्षी, २८ मार्च १५६६ रोजी, त्यांच्या प्रमुखाने, जाँ द ला व्हालेतने, उघड्या खडकावर या शहराची पायाभरणी केली. पोपने फ्रान्चेस्को लापारेल्ली हा इटालियन किल्लेबांधणीतज्ज्ञ पाठवला. त्याच्यामागून माल्टाचाच जिरोलामो कसार याने काम हाती घेतलं. तटाचे कोन नीट पाहा. एकही भिंत अशी नाही जिच्या पायथ्याशी आलेल्या शत्रूवर शेजारच्या भिंतीवरून मारा करता येणार नाही. मुरूडच्या जंजिऱ्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, सिंधुदुर्गचा बुरुजांच्या वळणात दडवलेला आहे. समुद्री किल्ला बांधणाऱ्यांची अक्कल सगळीकडे एकाच दिशेने चालते.

जहाज पिंटोच्या गोदामांपाशी लागतं, अठराव्या शतकातल्या त्या ओळीला आता रंगीत दारं आहेत. तिथून सपाटीवरून चालत गेलात की तटाच्या खंदकातून बाराक्का लिफ्ट मिळते, ५८ मीटर वर थेट अप्पर बाराक्का बागेत. सासूबाईंचा प्रश्न इथेच सुटतो. बारा वाजता खालच्या तोफखान्यातून सलामीची तोफ होते, कठड्याजवळची जागा पावणेबारालाच धरा.

इथला दगड समजून घ्या. ताजा काढला की करवतीने कापता येईल इतका मऊ, आणि हवेवर राहिला की वरून कवच धरणारा. आपल्या काळ्या पाषाणाच्या अगदी उलट. म्हणून इथे गल्लीतल्या साध्या घरालाही कोरलेली चौकट दिसते. रस्ते काटकोनात आखलेले, समुद्राची हवा आरपार जावी म्हणून. प्रत्येक घराखाली पावसाच्या पाण्याचं टाकं हवंच, असा सुरुवातीपासूनचा नियम, कारण बेटावर नदी नाही. आणि वर पाहा: लाकडी, रंगीत, बंद सज्जे. माल्टाच्या भाषेत त्याला गल्लरिया म्हणतात. आपली गॅलरीच ती.

एकच वास्तू पाहायची तर सेंट जॉनचं को-कॅथेड्रल. बाहेरून कसारने बांधलेली सरळसाधी, लष्करी इमारत. १५७० च्या दशकातली. लोक दारात येऊन म्हणतात, हेच का? आत पाऊल टाका. मात्तिया प्रेतीने सतराव्या शतकात सबंध कमानी छतावर थेट दगडावर तैलरंगात चित्रं काढली आहेत. पायाखाली सरदारांची सुमारे चारशे थडगी, रंगीत संगमरवराची, हाडांचे सापळे आणि कवट्या जडवलेली. टाचेच्या चपला घालून आत सोडत नाहीत, या फरशीसाठीच. आणि आतल्या एका दालनात काराव्हाज्जोचं १६०८ सालचं चित्र, योहानाचा शिरच्छेद. त्याने सही केलेलं हे एकमेव चित्र, आणि ती सही जमिनीवर सांडलेल्या रक्तात आहे. या दालनात माझा गट नेहमी गप्प होतो. रविवारी पर्यटकांना आत सोडत नाहीत, तुमचं जहाज कुठल्या वारी पोहोचतंय ते आताच बघून ठेवा.

बाहेर पडताना शहराच्या वेशीपाशी थांबा. संसद आणि नवी वेस रेंझो पियानो या इटालियन आर्किटेक्टची, २०१५ च्या सुमारास पुरी झालेली. जिनोआचं जुनं बंदर १९९२ साली त्यानेच लोकांसाठी खुलं केलं होतं, तो जन्माने जिनोआचाच. शेजारी नुसते खांब उभे दिसतील, ते १९४२ साली बाँबने उडालेलं नाट्यगृह. पियानोने ते पुन्हा बांधलं नाही. अवशेष तसेच ठेवून मध्ये उघडं रंगमंदिर केलं. माल्टाच्या बऱ्याच लोकांना ते पटलं नाही, त्यांना जुनं नाट्यगृह होतं तसं हवं होतं. दुरुस्तीच्या कामात असा वाद मी रोज पाहते. इथे माझं मन पियानोच्या बाजूने आहे.

जहाज संध्याकाळी सुटेल तेव्हा सासूबाईंची खुर्ची पुन्हा उजव्याच कठड्याला लावा. बाहेर पडताना वॅलेटा डावीकडे असतं आणि त्या वेळी सावलीत गेलेलं असतं. उजवीकडे पाण्यापलीकडची तीन जुनी शहरं, व्हित्तोरिओसा, सेंगलेआ आणि कोस्पिकुआ, मावळतीच्या उन्हात असतात. सेंट अँजेलोचा कोपरा जहाजाच्या इतक्या जवळून सरकतो की दगडांमधले सांधे दुर्बिणीशिवाय मोजता येतात.